औषध इनासला, आराम आम्हाला

इनास,

तुला पेटीत ठेवल्यावर बायका एकामागून एक येऊन बघत होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच होतं, "किती शांत दिसतो ना." मोठ्या काकूने तर माझा हात धरून सांगितलं, "बाय, बघ, मानसुद्धा कशी सरळ आहे. सुटला बिचारा." मी तिला चहा हवा का विचारलं. मला वेगळंच काहीतरी बोलायचं होतं. पण घरात मयत असलं की चहाचं, खुर्च्यांचं, फादरना आणायच्या गाडीचं कुणीतरी बघावं लागतं, आणि आपल्या घरात ते कुणी बघायचं हे फार पूर्वीच ठरलेलं आहे.

मला तू शांत वाटला नाहीस. मला तू ओळखू येत नव्हतास. जन्मभर ज्याची मान एका जागी राहिली नाही, त्याची मान कुणीतरी दोन्ही बाजूंनी उशा लावून सरळ केली होती. आणि ते बघून माणसांना बरं वाटत होतं.

अंगणात सायकलला हवा भरता भरता तू खाली बसलास आणि उठला नाहीस, याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. धर्मग्रामाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, अंकासाठी तुझ्यावर लिहा म्हणून मला सांगितलंय. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, कुठल्या मंडळावर काम केलंस, हे सगळं शाळेच्या फलकावर लिहून झालं आहे. ते मी पुन्हा लिहिणार नाही. आपलं जे भांडण मिटलं नाही तेवढंच लिहिणार आहे. आता तू मध्येच उठून सायकल घेऊन निघून जाऊ शकत नाहीस.

दुसरीत असताना तुझे डोळे मिचकायला लागले. मग खांदा. मग मान, उजवीकडे एक झटका, आणि त्याच्या पाठोपाठ घशातून निघणारा तो "हंक्". सगळ्यांनी आधी तुला दटावलं, मग मारलं, मग तुझ्यासाठी प्रार्थना केल्या. आयने चर्चमध्ये नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या आणि कुणाला न सांगता निर्मळच्या देवळाजवळच्या बाईकडून अंगाराही आणला. शाळेत तुला "हंक्या" म्हणत. मी तुझी मोठी बहीण, मला "हंक्याची बाय" म्हणत.

चर्चमध्ये सगळ्यांत वाईट व्हायचं. फादर भाकर उंच धरतात, घंटा वाजते, सगळं चर्च गप्प होतं. त्या क्षणी मी पुढच्या बाकाची कड घट्ट धरायचे. आता येणार, आता येणार. आणि तो हंक् यायचाच. पुढच्या बाकांवरच्या माना वळायच्या. मी गुडघ्यावर बसून देवाकडे एकच मागायचे, आजच्या दिवस तेवढं थांबव. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी.

तुला नोकरी लागली तेव्हा आय म्हणाली, "फळ्यासमोर उभा राहून हा काय शिकवणार?" तू पहिल्याच तासाला वर्गाला सांगून टाकलंस, "माझी मान हलेल, घसा वाजेल. आज आणि उद्या हसून घ्या. परवापासून प्रकाशाचं परावर्तन." मुलं दोन दिवस हसली आणि मग खरंच परावर्तन शिकली. हे मला तू नाही सांगितलंस, तुझ्याबरोबर शिकवणाऱ्या सावंत सरांनी सांगितलं. सावंत सर मूळचे कोकणातले, विरारला चंदनसारला राहायला आलेले, भूमितीचे शिक्षक. तुझा एकुलता एक मित्र म्हटलं तरी चालेल.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी तुला पहिल्यांदा सांगितलं, की ही सवय नाही, वेड नाही, कुणाचा शाप नाही. याला टिक म्हणतात, मेंदूतूनच येतं. त्या दिवशी तू घरी येऊन जेवलास किती, मला आठवतंय. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी मान कमी झाली, पण तू खडू हातात घेऊन फळ्यासमोर पेंगायला लागलास. गोळ्या तू सोडल्यास. इथपर्यंत आपलं भांडण नव्हतं.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्याला उमेळ्याचं स्थळ आलं आणि त्याच सुमाराला सांतान जहाजावरून सुटीवर आला.

उमेळ्याच्या लोकांची वाडी होती, अर्धी बिल्डरकडे गेलेली. मुलगी रीटा, बालवाडीत शिकवायची. मध्यस्थाने तुझं सगळं सांगितलं होतं, फक्त मान सोडून. आणि सांतान, आपला मावसभाऊ, जहाजावर आचारी. त्याने सिंगापूरच्या एका चिनी औषधवाल्याकडून तुझ्यासाठी भली मोठी पिशवी भरून जडीबुटी आणली. त्या म्हाताऱ्याला सांतानने तुझी मान करून दाखवली होती. म्हातारा म्हणाला, याच्या अंगात वारा शिरलाय, तो खाली बसवायला हवा.

आय म्हणाली, "म्हणजे वातच ना? हे सांगायला सिंगापूरला कशाला जायला हवं?"

मग तिने एक पुडी वर्तमानपत्रावर ओतली. मुळांच्या पांढरट चकत्या, गळासारखे आकडे असलेल्या बारीक काड्या, आणि त्यात पोकळ, तपकिरी, पाय असलेलं काहीतरी.

"ह्या झुरळाच्या साली आहेत का रे?"

"झुरळ नाही गं मावशी. तिकडे झाडावर बसून दिवसभर ओरडतो ना, त्या किड्याची कात."

"ओरडणाऱ्याची? मग ती खाऊन हा थांबेल की आणखी ओरडेल?"

तू इतका हसलास, की मान आणि हंक् दोन्ही एकदम सुरू झाले, आणि त्यामुळे आयही हसली. (हे सगळं घरच्या बोलीत चाललं होतं. तिथे ते जास्त लागतं. छापायचं म्हणून मी या मराठीत लिहिते आहे.) मी काय केलं ते तुला माहीत आहे. तुला आधी रक्त तपासायला पाठवलं, मेंदूच्या डॉक्टरांना कळवलं, आणि मगच पुड्या आयच्या हातात दिल्या. तू म्हणालास, "बायची यादी संपल्याशिवाय मला बरं होण्याची परवानगी नाही."

दोनेक आठवड्यांत मान थांबली, घसा थांबला, तू गप्प झालास. घर बदललं. आय भाजी निवडताना गाणं म्हणायला लागली. रविवारी आपण चर्चमध्ये चक्क मधल्या बाकावर बसलो. काकू फणस घेऊन आली आणि खूप वेळ बसली. मी स्वतः त्या दिवसांत छान झोपत होते. आयने उमेळ्याला निरोप धाडला, बघायला या.

आणि तू म्हणालास, मला हे औषध तपासायचं आहे.

"तपासायचं काय त्यात? दिसतंय ना सगळ्यांना," मी म्हटलं.

"माझं असंच येतं-जातं, बाय. सातवीत अख्खा पावसाळा मी गप्प होतो. तेव्हा कुठलं चिनी औषध घेत होतो? हे त्या काढ्यामुळे गेलंय की जायचं म्हणून गेलंय, ते मला माहीत नाही. आणि माहीत नसताना त्या मुलीला मी काय सांगू?"

डॉक्टरांनाही तू विचारून आलास. ते म्हणाले, खरी चाचणी खूप रुग्णांवर करावी लागते, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं दिखाऊ, आणि कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. एकट्यावर केलीत तर फार तर एकट्यापुरतं काहीतरी कळेल. तू म्हणालास, "एकट्याचंच लग्न आहे."

मी औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात होते. सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी सारख्या दिसतील अशा बांधणं हेच माझं काम. म्हणून तू माझ्याकडे आलास. काही आठवडे अस्सल औषध, काही आठवडे नकली, कुठला आठवडा कुठला हे मी चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि फक्त मला माहीत असायचं. किड्याची कात नकलीत घालायला मिळणार नव्हती, म्हणून दोन्ही भरड कुटून मलमलच्या छोट्या पुरचुंड्यांत शिवायचं. नकलीत ज्येष्ठमध, दालचिनीच्या साली आणि कडूपणासाठी काडेचिराईत. आयने पुरचुंडी न उघडता उकळायची. सावंत सरांनी मोजायचं. ते मधल्या सुट्टीनंतर तुझ्या वर्गात मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचे, आणि टेबलाखाली डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत असायचा. एक झटका, एक पेर.

"इनास, तुझी मान मोजून माझी मान दुखते रे," ते म्हणायचे.

"मग काढा घे. आज खरा आहे की खोटा ते बायला विचार."

"ती काय सांगते? तुझी बहीण म्हणजे बँकेचं लॉकर."

चाचणी चालू असतानाच उमेळ्याची माणसं येऊन गेली. तू सगळा वेळ ताठ बसलास. एकदाही मान हलली नाही. आय तर हवेत होती. नंतर ओट्यावर तुला आणि रीटाला थोडं बोलायला सोडलं, तेव्हा तू तिला स्वतःहून सगळं सांगितलंस, आणि तिने विचारलं, "तुम्हाला दुखतं का?"

रात्री जेवताना तू मला हे सांगितलंस. म्हणालास, "बाय, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं."

"मग? तू काय म्हणालास?"

"म्हटलं, हलल्याने नाही दुखत. दाबून धरल्याने दुखतं."

मी पुढे भात वाढला. ती बघायला आलेली माणसं ओट्यावरून उतरली तेव्हा तू मागच्या केळीत निघून गेला होतास, आणि बराच वेळ आला नव्हतास. त्या सगळ्या आठवड्यांत तू किती दाबून धरत होतास, सावंत सरांसमोर, चर्चमध्ये, आमच्यासमोर, हे मला आजही माहीत नाही. ते मोजायला आपण कुणालाच बसवलं नव्हतं.

चाचणी संपली त्या रविवारी सावंत सर विरारहून आले. चर्चमधली मिस्सा झाल्यावर आपण ओट्यावर बसलो. त्यांचे आकडे एका बाजूला, माझ्या चिठ्ठ्या दुसऱ्या बाजूला. तू स्वतः ताडून पाहिलेस. अस्सलच्या आठवड्यांत आणि नकलीच्या आठवड्यांत काही फरक नव्हता. दोन्हीकडे तू सारखाच गप्प होतास.

"म्हणजे औषध नाही," तू म्हणालास. "नुसतंच थांबलंय. जसं आलं तसं परत येणार."

तू हे असं म्हणालास जणू दुसऱ्या कुणाचा निकाल होता. आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सायकलवर टांग टाकून थेट उमेळ्याला गेलास आणि रीटाच्या बापाला सांगून आलास.

तो बिचारा म्हणाला होता, "मास्तर, आता चांगले आहात ना तुम्ही? मग कशाला उकरून काढता?" तरी तू उकरलंस. पुन्हा सुरू होईल म्हणालास, कदाचित मुलांनाही येईल म्हणालास. दोन दिवसांनी मध्यस्थ येऊन ओट्याच्या खालीच उभा राहिला, वर चढला नाही. तेवढ्यावरून आम्हाला कळलं.

त्या दिवशी मी तुला बोलले ते मी मागे घेत नाही. मी म्हटलं, "कोण विचारायला आलं होतं तुला? रोज एक पेला कडू प्यायचा आणि संसार करायचा, एवढंच होतं. तुला खरं बोलायचा रोग आहे, तो मानेपेक्षा वाईट आहे."

तू म्हणालास, "त्याच्यावर सिंगापूरला काही मिळतं का बघ."

आयने मात्र तुला काही म्हटलं नाही. ती मला म्हणाली, "तुझ्या पुड्यांनी त्याचं लग्न मोडलं." मरेपर्यंत म्हणत राहिली. मी ऐकून घेत राहिले, कारण थोड्याच दिवसांत मला कळलं की पुड्यांचं खरं काय झालं होतं.

उन्हाळ्यात मी कोंबड्यांच्या खुराड्यामागची जागा साफ करायला घेतली. तिथे तारेवर माझ्या मलमलच्या पुरचुंड्या ओळीने वाळत होत्या. उकळून काळ्या झालेल्या, नीट पिळलेल्या, चिमटे लावलेल्या. मी आयला बोलावलं.

"हे काय आहे?"

"सुकवल्यात. एकदा उकळून का फेकायच्या? इतक्या लांबून आणलेलं औषध."

"सुकवून काय केलंस त्यांचं?"

ती माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, "ते दुसरं होतं ना, खोटं. त्यात घालायचे एक-एक."

"खोटं कुठलं ते तुला कसं कळलं? मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"बाय, काडेचिराईताचा वास मला कळणार नाही? तापात तुम्हाला नाक दाबून कोण पाजायचं? आठवडा आठवडा माझ्या पोराने नुसतं काडेचिराईत प्यायचं, आणि मी ते उकळून द्यायचं? तू दे. मी आय आहे."

म्हणजे नकली आठवडा कधी नव्हताच. औषध रोज तुझ्या पोटात जात होतं, काही आठवडे ताजं, काही आठवडे शिळं. फरक दिसणार कुठून? कंपनीत असं झालं असतं तर मी सबंध बॅच बाद करून टाकली असती. इथे बाद कुणाला करणार? मी झाडू हातात घेऊन उभी होते आणि ती बाई एकेक पुरचुंडी तारेवरून काढून पदरात गोळा करत होती, जणू मी त्यापण हिसकावून घेणार होते.

मी तुला त्याच संध्याकाळी सांगितलं. मला वाटलं, तू कपाळाला हात लावशील. तू हसलास. पोट धरून हसलास. तोवर मान परत आली होती, घसा परत आला होता, पूर्वीपेक्षा जास्तच. हसता हसता, झटके खात, तू आत जाऊन आयच्या पायाशी बसलास आणि म्हणालास, "आय, तुला नोबेल द्यायला हवं." तिला ते काय ते कळलं नाही. तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

आणि इथून आपलं भांडण सुरू होतं, इनास, जे मिटलं नाही.

पुढच्या वर्षी सांतान परत आला तेव्हा मी त्याला सांगून तेवढंच औषध पुन्हा मागवलं होतं. या वेळी काढा मी स्वतः उकळणार होते. काडेचिराईताऐवजी दुसरं काय घालायचं तेही शोधून ठेवलं होतं. पुरचुंड्या शिवून, डबा बंद करून तुझ्यापुढे आणून ठेवला. सावंत सर तयार होते. फक्त तू नाही म्हणालास.

मी म्हटलं, "परीक्षानळी नीट धुतली नाही म्हणून तू मुलांना सबंध प्रयोग परत करायला लावतोस. आणि स्वतःचा बाद झालेला प्रयोग तसाच ठेवणार?"

"ठेवणार."

"का? औषध लागू पडत असलं तर?"

"तर काय होईल?"

"तू बरा होशील."

तू फळीवरचा पेला घेतलास, पाणी प्यायलास, आणि मग बोललास. फार हळू बोललास. "बाय, मला आधी सांग, मी गप्प होतो तेव्हा बरं कुणाला वाटत होतं? आय गात होती. काकू फणस घेऊन आली. तू झोपायला लागलीस. मला काय झालं? मी तोच होतो. रोज एक पेला कडू पीत होतो. औषध मी प्यायचं आणि आराम तुम्हाला पडायचा. एवढा कडू पेला मी जन्मभर का प्यायचा, ते तू सांग. पटलं तर उद्या सुरू करतो."

मी सांगितलं. नोकरी म्हटलं, लग्न म्हटलं, चारचौघांत बसणं म्हटलं. तू प्रत्येकाला "म्हणजे तुम्हाला" म्हणत गेलास. शेवटी मी डबा उचलून सासरी, माझ्या घरी आणला आणि माळ्यावर टाकला.

मला आजही वाटतं तू चुकलास. तू हट्टी होतास आणि त्या हट्टाला तू तत्त्व म्हणत होतास. औषध चालतं की नाही हे कळून घ्यायचं आणि मग पाहिजे तर घ्यायचं नाही, असं करता आलं असतं. पण तुला भीती होती की ते चालेल. चाललं असतं तर आम्ही तुला प्यायला लावलं असतं, रोज, पेला हातात घेऊन समोर उभे राहून. हे तू ओळखलं होतंस. आणि यात तू चुकलेला नव्हतास. याचाच मला जास्त राग येतो.

रीटा लग्न होऊन गेली. उमेळ्याची उरलेली वाडीही गेली, तिथे आता चार मजले उभे आहेत. तुला पुन्हा कुणी स्थळ आणलं नाही. तू चर्चमध्ये दाराबाहेर, चपलांपाशी उभा राहायला लागलास, आणि कुणीही तुला आत ये म्हटलं नाही. मीसुद्धा वळून बघायचे नाही. एका फादरांनी तर मला बोलावून सांगितलं, "तुमचे भाऊ समजूतदार आहेत."

पण एक गोष्ट तुला ऐकवायची राहून गेली. माझे मालक, तुझे मेहुणे, आजारी होते, शेवटचे दिवस इस्पितळात होते, तेव्हा तू शाळेतून परस्पर यायचास आणि त्यांच्याजवळ बसायचास, म्हणजे मला घरी जाऊन मुलांचं बघता यायचं. वॉर्डातल्या लोकांनी तक्रार केली, हे आवाज करतात म्हणून. नर्स मला सांगायला आली. मी ह्यांना विचारलं, इनासला येऊ नको सांगू का? त्यांना तेव्हा डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ते म्हणाले, "नको. तो असला की कळतं, कुणीतरी आहे." हे मी तुला सांगायला हवं होतं. सांगते, सांगते म्हणत राहिले. माझ्या कुठल्याच यादीत ते कधी आलं नाही.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला काकू पुन्हा आली. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय, ते चिनी औषध आहे का गं तुझ्याकडे? आमच्या धाकट्या नातीचे डोळे सारखे मिचकतात. आताशी खांदापण उडवते."

मी म्हटलं, "त्या औषधाचं काही सिद्ध झालं नव्हतं, काकू."

"असं कसं? इनास शांत झाला होता की. आम्ही बघितलंय."

"तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पत्ता देते."

"ते नेऊच. पण घरात औषध आहेच तर..."

"काकू," मी म्हटलं, "तू तिला विचारलंस का, तुला दुखतं का?"

तिला वाटलं, दुःखाने माझं डोकं फिरलंय. "डोळे मिचकवायला काय दुखायचंय?" म्हणाली आणि पेरूची फोड तोंडात टाकली.

घरी येऊन मी माळ्यावरून डबा काढला. पुरचुंड्यांना टोके लागले होते, आतलं सगळं पीठ झालं होतं. केळीच्या आळ्यात नेऊन ओतलं आणि डबा घासून ठेवला. काकूच्या नातीकडे मी रविवारी जाणार आहे. विचारायचं ते मीच विचारीन.

गेल्या शनिवारी तुझ्या शाळेत शोकसभा झाली. तुझा फोटो टेबलावर, हार घातलेला. फोटोतही मान सरळ, कुणीतरी नेमका क्षण पकडलेला. तुझ्या शिस्तीवर बोलले, वक्तशीरपणावर बोलले. मानेबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. एक जण तेवढा म्हणाला, "त्यांनी आपल्या व्याधीवर मात केली." तू मात वगैरे काही केली नव्हतीस. तू ती घेऊन रोज सायकलवरून येत होतास.

मग मुख्याध्यापक उभे राहिले आणि म्हणाले, आता आपण सर्वांनी दोन मिनिटं शांतता पाळू या.

सगळे उठले. खुर्च्यांचे आवाज थांबले. सबंध सभागृह गप्प झालं, आणि मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. भाकर उंच धरल्यावर बाक धरायचे तशी. आता येणार, आता येणार. मी मान खाली घालून उभी होते आणि वाट बघत होते. पण या वेळी मी थांबव म्हणून मागत नव्हते.

माझ्या शेजारी सावंत सर उभे होते. डोळे मिटलेले. डावा हात खाली सोडलेला, अंगठा पहिल्या बोटाच्या पहिल्या पेरावर. माझी नजर त्या अंगठ्यावरच राहिली. मुख्याध्यापक "धन्यवाद" म्हणाले, लोक बसले, कुणीतरी पंखा सुरू केला. सावंत सर तसेच उभे होते, आणि अंगठा पहिल्या पेरावरून पुढे सरकला नव्हता.

तुझी,
बाय